दहा मिनिटांवरचा स्क्रू

जुन्या वस्तूंचे लिलाव करणाऱ्या एका पेढीच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी एक लांब टेबल आहे. त्या टेबलावर जुनी हत्यारं ओळखून त्यांची किंमत ठरवण्याचं काम तीस वर्षं एकच माणूस करत आला. पेढीत त्यांना मूळनाही मास्तर म्हणत. कारण उघड होतं. कुणी कौतुकाने खापरपणजोबांची बंदूक आणावी, मास्तरांनी तिला भिंग लावावं आणि दहातल्या नऊ वेळा दोनच शब्द बोलावेत, "मूळ नाही." मूठ बदललेली असे, नळी कापलेली असे, नाहीतर गंज लपवायला वर नवा काळा रंग चढवलेला असे. खापरपणजोबाही कधीकधी संशयास्पद निघत, पण ते मास्तरांच्या कक्षेबाहेर होतं.

खोड अशी की टेबलावरून उठले तरी जात नसे. लग्नसमारंभात ते व्याह्यांच्या केसांकडे रोखून बघू लागले की बायको कोपर मारी. "माझ्याकडे तसं बघू नका," असं तिने एकदा बजावलं होतं. "दोन दाढा सोडल्या तर सगळं मूळ आहे."

पण भिंग लावण्याआधी मास्तर आणखी एक गोष्ट करत, आणि ती बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. ते आधी स्क्रू बघत.

मास्तरांच्या वडिलांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथला दंडक असा, की काम संपलं की प्रत्येक स्क्रूची खाच नळीला समांतर थांबली पाहिजे. वाकडी खाच म्हणजे अर्धवट काम, आणि अर्धवट काम म्हणजे वडिलांची चप्पल. हा दंडक मोडणारा एकच माणूस होता, मास्तरांचा थोरला भाऊ. तो डावखुरा होता, आणि हातात अशी कला की वडीलसुद्धा पाठ फिरवून कौतुक करत. दादा सगळे स्क्रू सरळ लावी आणि शेवटचा मुद्दाम तिरका ठेवी. मिनिटकाटा दहा मिनिटांवर असावा, अगदी तसा. मास्तर तेव्हा शाळकरी. दुकानात यायला रोज दहा मिनिटं उशीर. "हा तुझा स्क्रू," दादा म्हणे. "माझ्यानंतर कुणी उघडलं तर तो शहाणा हा सरळ करणार. तिरका दिसला तर समज, माझ्यानंतर इथे कुणाचा हात लागलेला नाही."

पुढे एकोणिसाव्या वर्षी मास्तरांना नजर आली, आणि नजरेआधी तोंड सुटलं. दुकानात एक गिऱ्हाईक जुनं पिस्तूल घेऊन उभं होतं. दादाने कुणाला न सांगता त्याची मूठ त्या माणसाच्या थरथरत्या हाताला बसेल अशी कोरून दिली होती. जुन्या हत्याराच्या मूळ रूपाला कानस लावणं हे वडिलांच्या लेखी पाप. धाकट्याने पिस्तूल हातात घेतलं आणि भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, बक्षीस मिळेल अशा आवाजात म्हटलं, "हे मूळ नाही."

आयुष्यातलं पहिलं मूल्यमापन. अगदी अचूक होतं.

वडील काय बोलले ते सांगण्यात अर्थ नाही. दादाने आपल्या कानशी फडक्यात गुंडाळल्या, धाकट्याकडे बघून थोडा हसला आणि गेला. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून हातात आलेल्या प्रत्येक हत्याराचे स्क्रू मास्तरांनी बघितले. काही सरळ होते, काही वाकडे, काही झिजलेले. दहा मिनिटांवरचा एकही नव्हता.

त्या मंगळवारी एक शाळाशिक्षिका बाई बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या. आत फडक्यात रिव्हॉल्व्हर, वर सरकारी कागद.

"माझ्या वडिलांचं," त्या म्हणाल्या. "खजिन्याच्या गाडीवर पहारेकरी होते. ते गेले, त्यांच्याबरोबर परवानाही गेला. शुक्रवारपर्यंत जतन करण्याजोगं असल्याचा दाखला दिला तर हे संग्रहालयात जाईल. नाहीतर भट्टीत. मला पैसे नकोत, मास्तर. फक्त ते वितळू नये."

मास्तरांनी फडकं उलगडलं. शंभर वर्षांपूर्वीचं, सहा गोळ्यांचं, फौजेत सर्रास दिसणारं. मात्र नळी दोन बोटं कापून टोकाची नेम धरायची माशी पुन्हा बसवलेली होती. चापाभोवतीची कडी पुढून मोकळी केली होती. चाप मागे वळवला होता, आणि मूठ वरच्या बाजूला अशी कोरली होती की पहिलं बोट ठेवायला जागाच नाही.

"वडिलांचं हे बोट—"

"पेऱ्यापासून नव्हतं. यंत्रात गेलं. तुम्हाला कसं कळलं?"

"मूठ सांगते." कानशीचे ओरखडे उजवीकडून डावीकडे उतरलेले होते. मास्तरांचं बोट झाकणपट्टीवर गेलं. तीन स्क्रू. दोन नळीला समांतर. तिसरा दहा मिनिटांवर.

मास्तरांनी भिंग उचललं आणि न लावताच खाली ठेवलं.

"मूळ नाही का?" बाईंनी भीत भीत विचारलं. मास्तरांची ख्याती पोचलेली होती.

"हे कुणी करून दिलं?"

"एक कारागीर होता. मी सातवीत होते. आमच्या मागच्या खोलीत महिनाभर राहिला, शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. बोट गेल्यावर बाबांची नोकरी जायची वेळ आली होती. याने हे करून दिलं आणि नोकरी राहिली. शेवटच्या दिवशी माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक मागून घेतलं आणि टोक मोडून परत दिलं. मी भांडले. तर म्हणाला, भावंडं आहेत का तुला? म्हटलं, नाही. म्हणाला, सुखी आहेस."

"मग?"

"मग गेला. कुठे ते बाबांनाही माहीत नव्हतं. हत्यार बिघडलं तर कळवू कुठे, असं बाबांनी विचारलं होतं. म्हणाला, बिघडणार नाही."

"नाहीच बिघडलं."

"कधीच नाही. कुणी उघडलंसुद्धा नाही."

दाखल्याच्या अर्जात पहिलाच रकाना होता: आतील क्रमांक. तो झाकणपट्टीच्या खाली असतो. झाकणपट्टी काढायची तर तिसरा स्क्रू फिरवायचा. न उघडता क्रमांक लिहायचा म्हणजे खोटं लिहायचं, आणि ते मास्तरांना येत नव्हतं. न लिहावा तर शुक्रवारी भट्टी. उघडावा तर दादाच्या हाताने शेवटचं थांबवलेलं जे काही या जगात उरलं होतं, ते आपल्याच हाताने सरकणार. दादाची एकही वस्तू घरात नव्हती. वडिलांनी फोटोसुद्धा ठेवला नव्हता.

"थोडं पाणी घ्या," मास्तर बाईंना म्हणाले, आणि स्वतःच प्यायले.

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवला. स्क्रू हटला नाही. दादा नेहमी गरजेपेक्षा जास्त आवळायचा, आणि वडील त्यावरूनही ओरडायचे. मास्तरांनी तेलाचा थेंब सोडला, वाट पाहिली, पुन्हा जोर लावला. बारीकसा चट आवाज आला आणि दहाची पाच मिनिटं झाली.

झाकणपट्टी निघाली. क्रमांक होता, आणि बाहेरच्याशी जुळत होता. पट्टीच्या आतल्या बाजूला कर्कटकाने एक तारीख कोरलेली होती, दादा गेल्यानंतरच्या बाराव्या वर्षाची. तिच्या खाली, डावीकडे झुकलेल्या अक्षरांत, दोन शब्द.

मूळ नाही.

मास्तर हसले. अगदी मोठ्याने, बाई दचकतील इतके. मग हसू थांबलं तरी तोंड तसंच उघडं राहिलं. हे रागाने लिहिलं होतं की थट्टेने, ते अक्षरांवरून ओळखता येईना. धातूवर कोरलेलं सगळंच रागाने लिहिल्यासारखं दिसतं. मास्तरांनी भिंग लावून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. हत्यारांच्या बाबतीत उभ्या मुलखात त्यांच्याइतकी नजर कुणाला नव्हती. तिचा इथे काडीइतका उपयोग झाला नाही. एवढंच खरं, की बारा वर्षांनीसुद्धा दादाला वाटत होतं, हे कधीतरी धाकट्याच्याच हातात उघडणार.

"काय लिहिलंय?" बाईंनी वाकून वाचलं. "अय्या. म्हणजे त्यानेच कबूल केलं? आता दाखला नाही का मिळायचा?"

"थांबा जरा."

मास्तरांनी अर्ज भरायला घेतला. दुसऱ्या रकान्याचं नाव छेडछाड. सरकारी भाषेत बदलाला तोच शब्द आहे. नळी, कडी, चाप, मूठ अशा चारही छेडछाडी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिल्या. तिसऱ्यात छापलेलं होतं: छेडछाड असल्यास जतनास अपात्र, मात्र काम परिचित कारागिराचे असल्यास पात्र. खाली, कारागीर परिचित / अनामिक, नको ते खोडा. परिचित म्हणजे नामांकित, हे सरकारला अभिप्रेत होतं. पण सरकारने तसं लिहिलं नव्हतं, आणि लिहिलेलं वाचायचं हा मास्तरांचा धंदाच होता.

त्यांनी अनामिक खोडलं. फूटपट्टी आडवी धरून पुन्हा एकदा खोडलं. पुढे मोकळ्या जागेत दादाचं पूर्ण नाव लिहिलं. ते शेवटचं कधी लिहिलं होतं, आठवेना. किमतीच्या रकान्यात अखंड, मूळ नमुन्याला असते ती किंमत घातली. छेडछाडीबद्दल वजा काही नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"म्हणजे वितळणार नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"ओळखत होतो," मास्तर म्हणाले. "दहा मिनिटं उशीर व्हायचा, एवढंच."

बाईंना याचा अर्थ लागला नाही. पण सही दिसत होती, म्हणून त्यांनी विचारलंही नाही.

मास्तरांनी पट्टी जागेवर बसवली आणि दोन स्क्रू सरळ आवळले. तिसरा आवळताना हात सवयीने समांतर जाऊन थांबला. त्यांनी तो जरा मागे घेतला, पुन्हा पुढे नेला, डोळ्याजवळ धरून पाहिला आणि बरोबर दहा मिनिटांवर सोडला. संग्रहालयात यापुढे जो कुणी तो बघेल त्याला वाटेल, हा इथेच थांबलेला होता. दुसऱ्यांच्या नकला पकडण्यात जन्म घालवलेल्या माणसाने केलेली ही पहिली नक्कल, आणि ती इतकी बेमालूम साधली होती की स्वतः मास्तरांनीही ओळखली नसती.

रिव्हॉल्व्हर डब्यात ठेवताना त्यांनी त्या स्क्रूवरून एकदा अंगठा फिरवला.

"मूळ नाही," ते हळूच म्हणाले, आणि झाकण लावलं.