भाव येऊन राह्यला

मागे फोनवर तुम्ही दोघांनी विचारलं होतं, आजी, आता तुझ्याकडे इंग्रजी शिकायला कोण येतं? एकच येते. इथे कामरगावात आपल्या शेजारी धान्याचे व्यापारी राहतात, त्यांची मुलगी. शाळेत असल्यापासून माझ्याकडे शिकली. आता घरूनच वेबसाइट बनवायचं काम करते आणि कुठे इंग्रजी अडलं की लॅपटॉप घेऊन येते.

वडिलांच्या दुकानासाठी तिनं एक पान बनवलं. दुकानाबाहेरच्या फळ्यावर रोज सोयाबीन-तुरीचा भाव लिहितात, तोच शेतकऱ्यांना मोबाइलवर दिसावा म्हणून. भावाच्या चौकटीसाठी तिनं स्वतःचा एक टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली खूण, तयार केला, नाव इंग्रजी अक्षरांत ‘आज-भाव’. अशा आपण बनवलेल्या टॅगच्या नावात आडवी रेघ लागतेच, हे मला तिच्याकडूनच कळलं. ब्राउझर असा टॅग लगेच ओळखत नाही. त्याची स्क्रिप्ट, म्हणजे तो चालवणारा कोड, येऊन पोहोचेपर्यंत टॅगच्या आत लिहिलेला साधा मजकूरच दिसत राहतो. आत तिनं लिहिलं होतं, ‘भाव नाही’. तिच्या मनात होतं, अजून आलेला नाही.

घरच्या वायफायवर ते शब्द वाचायच्या आत निघून जात. शिवारात नेटवर्क कसंबसं मिळतं, तिथे ते बराच वेळ तसेच राहत. लोकांनी अर्थ लावला, आज खरेदी बंद. ऐन सोयाबीनच्या दिवसांत दोघं-तिघं भरलेला माल घेऊन परस्पर कारंज्याच्या बाजारात गेले. वडील तिला रागावले नाहीत, पण आणखी एक गाडी अशी गेली तर पान बंद, आपला फळा बरा, असं सांगून मोकळे झाले. तिला मात्र हेच पान दाखवून दुसऱ्या दुकानांची कामं मिळवायची होती. दाखवण्यासारखं तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

यावर उपाय शोधताना तिला वेबपानाच्या सजावटीचा एक इंग्रजी नियम सापडला होता; ती आली तेव्हा त्यातल्या ‘नॉट डिफाइन्ड’ या शब्दांवर अडली होती. डिफाइन म्हणजे व्याख्या करणे, असं ती माझ्याकडेच शिकलेली. मी म्हटलं, इथे ‘ओळख न झालेला’ असं समज. मग पुढचं तिला भराभर उमगलं. ओळख होईपर्यंत त्या टॅगला वेगळं रूप देता येतं, एवढंच त्या नियमात होतं.

आधी तिनं तो टॅग तेवढ्या वेळापुरता लपवूनच टाकला. आमच्याकडे पान बघायला आलेले वडील म्हणाले, कोरी जागा दिसली तर लोक दुकानच उठलं समजतील. मग तिनं चौकट ठेवली, अक्षरं फिकी केली, आणि उंची आधीच धरून ठेवली, म्हणजे भाव आल्यावर खालचं फोनचं बटण सरकायचं नाही. प्रश्न राहिला शब्दांचा. मी सुचवलं, ‘कृपया प्रतीक्षा करा’.

“बाई, हे बँकेत लिहेल असते,” व्यापारी म्हणाले. “ते वाचलं का मानूस उठून घरी जाते.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कुणीतरी शेतकरी तुरीचं विचारत होता. “हो, भाव येऊन राह्यला,” ते म्हणाले, “थांब जरासा.” मुलीनं तेच शब्द टाइप केले. छापायचं तर ‘येत आहे’ लिही, मी म्हटलं. ती मान वर न करता म्हणाली, “आजी, अब्बा असं बोलले का लोक थांबतात.”

मी तो मुद्दा सोडला.

दोन दिवसांनी मी दुकानात तुरीची डाळ सांगायला गेले होते, तेव्हा एका शेतकऱ्याचा फोन आला. व्यापाऱ्यांनी स्पीकर लावला.

“तुमच्या पानावर भाव येऊन राह्यला म्हनते,” तो म्हणाला. “मंग मी बी ट्रॅक्टर घेऊन निंगून राह्यलो. काटा खाली ठेवा.”

व्यापाऱ्यांनी हमालाला पोती उचलून काटा रिकामा करायला सांगितलं.  संध्याकाळी शेजारच्या कापड दुकानदाराला ते स्वतःच मोबाइल उघडून पान दाखवत होते.