आबांच्या कानांसाठी दोन पेट्या

वेल्ह्याच्या खोऱ्यात माझ्या ताईच्या लग्नाला जे स्पीकर वाजले, तेवढे मोठे मी पुन्हा जन्मात पाहिले नाहीत. बंद पडलेल्या एका तंबू सिनेमाच्या त्या दोन लाकडी पेट्या. भोरहून बैलगाडीनं आणताना एकीत मी पाय पसरून झोपलो, आणि दुसरीत शिरलेल्या कोंबडीनं गाव येईपर्यंत अंडी उबवून पिल्लं बाहेर काढली. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा. अँप्लिफायर मात्र मी घरीच जुळवलेला, बिस्किटाच्या डब्यात मावणारा, ट्रकच्या बॅटरीवर चालणारा. दोन म्हशींपुढं एक शेंगदाणा ठेवावा, तसा तो दिसायचा.

हा खटाटोप आबांसाठी. खाणीत सुरुंग लावता लावता माझ्या वडिलांचे कान पार गेले होते. लेक उखाण्यात नवऱ्याचं नाव घेईल ते ऐकायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि ताईचा आवाज असा, की मांडीवरच्या मांजरालाही तिला पुन्हा विचारावं लागे.

लग्नाच्या सकाळी मी दोन्ही पेट्यांच्या तारा डब्याच्या त्याच दोन खुंट्यांना एकत्र पिळल्या आणि बटण शेवटापर्यंत फिरवलं. पेट्या घोगऱ्या आवाजात भांडल्या, माईक केकाटला, आणि डबा इतका तापला की आचारी त्यावर पापड भाजायला आला. वऱ्हाडी हसत होते. आबा तेवढे पेटीसमोर पाट मांडून बसून होते.

ज्यांनी पेट्या मला दिल्या, ते सिनेमाचे जुने ऑपरेटर वऱ्हाडात होते. आता कापूरहोळला रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी लाडू खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि डब्याला बोट लावून पाहिलं.

"दोन बैल एका दाव्याला बांधलंस व्हय रं? डबा वढून मरंल की."

त्यांनी तारा सोडल्या. डब्यातून निघालेली तार पहिल्या पेटीत, तिथून दुसरीत आणि मग परत डब्यात, अशी एकामागं एक जोडली. माईक पेट्यांच्या मागं नेला. बटण तर अर्ध्याच्याही खाली आणलं. मी म्हणालो, काका, एवढ्यात काय ऐकू येणार?

"ह्या पेट्या थोरल्या हायती, पर खात्यात चिमणीएवढं. कमी दे. त्या आपसूक बोलतील."

डबा गार पडला. सनई वाजली ती अशी स्वच्छ, की पलीकडच्या डोंगरावरच्या गुराख्यानं म्हणे अक्षता टाकल्या. मग ताई माईकपाशी आली. आबांनी एक कान पेटीच्या कापडाला लावला. ताई नेहमीसारखीच पुटपुटली:

"गुंजवणीच्या काठी डोलतं धान, ...रावांचं नाव घेते, आबा, द्या कान."

रावांच्या आधीचं नाव मी इथं गाळलंय, दाजी अजून रागावतात. मांडव आबांकडं पाहत राहिला. आबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"वरडतीस कशाला गं? येतंय की आयकू."

माझ्या आठवणीत ताईला कुणी हळू बोल म्हणाल्याची ती एकच वेळ. ती हसता हसता रडली, आणि मी ऑपरेटरकाकांचे पाय धरायला वाकलो, तर ते आपला ठेवलेला लाडू शोधत होते. मी माझ्या ताटातले सगळे त्यांना दिले. चाळीस तरी असतील.