परवाच

बाबांचं कानातलं मशीन न्हाणीत बादलीत पडलं आणि घरात हाहाकार झाला. हाहाकार सगळा माझा. बाबांना तो ऐकूच आला नाही. देवळातला भजनी सप्ताह तोंडावर आलेला. धारगळच्या आमच्या वाड्याची, म्हणजे वस्तीची, पाळी रविवारी संध्याकाळी पाचला, आणि त्या पाळीला चाळीस वर्षं पेटी वाजवणार ते बाबाच. "सूर आयकूंक येना जाल्यार हांव पेटयेक हात लावचों ना," त्यांनी सांगून टाकलं. सूर कानावर नाही, तर पेटीला हात नाही. वर म्हणाले, औंदा शेवटचंच, बोटं आता वळत नाहीत.

पणजीच्या दुकानदाराने नव्या मशीनला महिना सांगितला. ऑनलाइनवाले म्हणाले, सोमवारी घरपोच. आणि मी विश्वास ठेवला! सोमवार आला, मोबाइलवर त्याचा मंगळवार झाला. मंगळवारचा गुरुवार झाला. गुरुवारी संध्याकाळी नुसतं 'लवकरच'. लवकरच म्हणजे कधी, अरे सायबा? आमचा पाववाला पोदेर धो धो पावसात सायकल हाणत सहाच्या ठोक्याला भोंपू वाजवतो, आणि ह्या शहाण्यांना साधा वार सांगता येत नाही!

शुक्रवारी पणजीहून परतताना बसमध्ये डिलिव्हरीवाल्याचा नंबर एकदाचा लागला. माणूस सावंतवाडीकडचा, आवाजावरून तरुण. मी ओरडलो, "अहो, आमचं मशीन कधी?"

"ओ काका, परवाच!" तो म्हणाला आणि रेंज गेली.

परवा म्हणजे रविवार. तोही 'च' लावून, छातीठोक. घरी येऊन बाबांच्या कानाशी ओरडलो, "परवा!" दोन बोटंही दाखवली. त्यांनी लगेच पेटी काढून पुसायला घेतली.

रविवारी सकाळपासून मी फाटकावर. बारा वाजले, दोन वाजले. बाबा धुतलेलं धोतर नेसून घरापुढच्या सोप्यावर बसलेले, नजर माझ्या तोंडाकडे. साडेतीनला पुन्हा फोन लागला आणि मी तोंड सोडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काका, शुक्रवारीच सांगितलंय ना तुमका, परवाच दिलंय म्हणून. बुधवारी दिलंय. फाटकावरच्या पिशवीत ठेवलंय. नोंद करूक रेंज नव्हती, मग ती राहूनच गेली."

मी गारच पडलो. बुधवारी! सांगितलेल्या वाराच्या चक्क आदल्या दिवशी! उशीर झाला म्हणून मी चार दिवस शिव्या घालतोय, आणि मशीन लवकर येऊन बसलेलं! आमच्या फाटकावर कापडी पिशवी टांगलेली असते, पोदेर तिच्यात पाव टाकून जातो. पण श्रावणात बाबा घरात पाव येऊ देत नाहीत, त्यामुळे तिच्यात हात घालायचं कुणालाच कारण नव्हतं. रोज बसला जाताना माझा खांदा तिला घासत होता. माझा खांदा, देवा!

बाबांकडे पाठ करून पिशवी काढली तर जड लागली. इतक्या दिवसांचा पाऊस तिच्यात मुरलेला. आत पुठ्ठ्याचा लगदा, लगद्यात मशीन. पुसलं, फुंकलं, नवी बॅटरी घातली. काही नाही.

फोन चालूच होता. मी किंचाळलो, "पिशवीत ठेवायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"आजोबा सोप्यावर बसलेले. दोनदा विचारलंय त्यांका, पिशवीत ठेवू? हय, हय म्हणाले."

ऐकू आलं नाही की बाबा तसंच म्हणतात. मान हलवून हय, हय. समोरच्याला परत बोलायचा त्रास नको म्हणून.

मशीन मी खिशात घातलं. पाचला देवळात पेटी दुसऱ्याने वाजवली. बाबा खांबाला टेकून गाणाऱ्यांच्या ओठांकडे बघत होते, मांडीवर हाताने ताल धरून. एकदा समेवर हात चुकीचा पडला. शेजारच्याने वळून पाहिलं, तसा त्यांनी तो हात मांडीखाली घेतला.

परत येताना ते फाटकापाशी थांबले. पिशवीच्या रिकाम्या खिळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"मशीन केन्ना येतलें?" त्यांनी विचारलं.

बुधवारी कोण आलं होतं ते माझ्याच्याने सांगवेना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी म्हणालो, "परवा." ह्या वेळी बोटं दाखवली नाहीत.

"हय, हय," बाबा म्हणाले.