आसूढाळ घोडी

घोडीच्या डोळ्याखाली, आसू ओघळतात नेमक्या त्या जागी, केसांची भोवरी असली तर तिला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी मालकाला रडवते, हे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शेंबडं पोरही सांगतं. म्हणून गेल्या यात्रेत शहाद्याच्या शौकतने भोवरी दिसत असूनही ती विकत घेतली, तेव्हा लोकांना दोनच शक्यता दिसल्या: एक तर त्याला घोडी कळत नाही, किंवा त्याला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त कळतं. दुसरी शक्यता कोणालाच पटण्यासारखी नव्हती.

शौकत वरातीला घोडी पुरवायचा. आदल्या वर्षी त्याची बायको इफ्फत गेली, मागोमाग जुनी घोडी. तेव्हापासून तो ओट्यावर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत असे. नवी घोडी आली आणि तो पहाटे उठू लागला, खरारा करू लागला, तिच्याशी बोलूही लागला. मोहल्ल्याचा संशय बळावला. दुःखातला माणूस असा अचानक बरा दिसू लागला की काहीतरी भानगड असतेच.

"भो, हाई घोडी रडाडी तुले," शेजाऱ्याने सांगून पाहिलं.

"मन्हं रडनं आधीच व्हई जायेल शे," शौकत म्हणाला. "हाई आते नवीन काय रडाडी?"

वरातीला मात्र त्याला कोणी बोलावलं नाही. मोसम असाच गेला तर घोडी विकावी लागणार होती. मग पुन्हा ती भिंत.

शेवटच्या लग्नतिथीसाठी कळसाडीचे भिला पाटील आले. बाकी सगळ्या घोड्या गुंतलेल्या, आणि त्यांचा मुलगा चंदन चाळिशीला टेकलेला. लग्न कसंबसं जमलं होतं.

"शौकत, भोवरी झाकाई जाई ना?"

"भोवरी झाकाई जाई, आप्पा. लोकेसना डोयासनं काय करशात?"

घोडीच्या तोंडावर कवड्यांची झालर बांधून वरात नवरीच्या गावी, ब्राह्मणपुरीत शिरली. नवरीचे मामा रेवजी यांनी एके काळी घोडी बाळगली होती. सगळे नवरदेवाकडे पाहत होते, मामा घोडीकडे. ते पुढे झाले आणि त्यांनी झालर उचलली. भिला आप्पांना त्याच क्षणी बँडवाल्यांच्या पोशाखात रस वाटू लागला.

"हाई काय शे?"

शौकतने लगाम धरून घोडी थांबवली. खोटं सुचायला पुरेसा वेळ होता.

"आसूढाळ शे, मामा. मालकले रडाडस म्हनतस. मालक मी शे, नवरदेव नही."

रेवजींनी वर चंदनच्या ताज्या काळ्या केसांकडे पाहिलं. मग मांडवाकडे. तिथे भाची चेतना बसली होती. तिचं लग्न दोनदा साखरपुड्यानंतर मोडलं होतं. शेवटी त्यांनी झालर खाली सोडली आणि तिची गाठ स्वतः घट्ट केली.

"पोरनी बिदाईले रडनं त शेच," ते म्हणाले. "चाला लवकर. ऊन व्हई ऱ्हायनं."

बिदाईला सगळ्यांत मोठ्याने रेवजीच रडले. लगाम धरून उभ्या शौकतनेही डोळे पुसले. ते पाहून वरातीतल्या काही जणांना फार हायसं वाटलं: भोवरी खरी निघाली.

पुढच्या आठवड्यात दोन बाप पुढच्या मोसमासाठी शौकतकडे चौकशीला आले. घोडी दोघांनीही पाहिली नाही. आपापल्या लग्न लांबलेल्या मुलांची वयं मात्र न विचारता सांगितली.