बाकावर टाकलेली मॅट

हा घोळ माझाच आहे, हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे उगाच दुसऱ्या कुणावर संशय जायला नको. चहा गाळून घेतलात ना? मग ऐका.

मी तशी कमी बोलते. वर्गात माझा ‘हजर’ माझ्याच बाकापर्यंत पोचतो. त्यामुळे दोनदा मी वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागली आहे. बोलत नाही, म्हणून बघते मात्र खूप. आणि या उन्हाळ्यात आमच्याकडे बघण्यासारखी एकच गोष्ट होती. बोट.

बोट, आणि ती बडनेऱ्यात! इथे रुळांवरून काय वाट्टेल ते येतं, पण आमच्या गल्लीत बोट आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. अख्खी गल्ली बाहेर आली. समोरच्या काकांनी बाबांना विचारलं, “काहून भाऊ, समुद्रही बोलावला काय?”

समुद्र नव्हता, धरण होतं. धरणावरच्या मच्छीमार सोसायटीची ही जुनी फायबरची बोट. माझे बाबा सुतार. तयार दरवाजे बाजारात आल्यापासून त्यांच्या दुपारी फार लांबलचक झाल्या होत्या. शेजारचे रफिकचाचा फायबरचं काम करतात. कुलरच्या बॉड्या, टाक्या, असं काय काय. दोघांनी मिळून ही बोट दुरुस्तीला घेतली. जमली, तर सोसायटीच्या आणखी चार बोटी येणार होत्या. नाही जमली, तर बाबा पुण्याला एका फर्निचरच्या कारखान्यात जाणार होते. त्यांची मोठी बॅग माळ्यावरून काढून पलंगाखाली ठेवली होती. घरात त्या बॅगेबद्दल कुणी बोलत नव्हतं. फक्त झाडताना आई ती इकडून तिकडे सरकवायची.

बोट वरून एकदम ठणठणीत होती. चाचांनी आत पाय ठेवला आणि तळ दबला, गादीसारखा. ग्राइंडरने तळ कापला, तर खालचं प्लायवूड चहात बुडलेल्या टोस्टसारखं हातात आलं. बोटीला ताठ धरायला खाली लांब लाकडी दांडे असतात. मी एका दांड्यात बोट खुपसून बघितलं, तर बोटीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. मागची फळी, जिथे इंजिन बसतं, ती तर नुसती नावाला फळी होती. दांड्यांच्या मधला फोम पाणी पिऊन म्हशीसारखा जड झाला होता. त्यात एक जिवंत बेडूक आणि डाव्या पायाची एक चप्पल निघाली.

चाचा कपाळ पुसत म्हणाले, “भाऊ, ही बोट कुठं हाय? हे तर खताचा खड्डा हाय. वरून फायबर मारेल.”

पण काय मजा आली म्हणून सांगू! सगळा कुजका माल खरवडून काढला. नुसतं टरफल उरलं, ते आमच्या टिनाच्या शेडबाहेर कितीतरी दिवस उन्हात वाळवलं. मग बाबांनी नवे दांडे घडवले, चाचांनी ते फायबरमध्ये मढवले. माझ्याकडे वही दिली. मापं लिहायची, आणि मॅट कापायची.

ही मॅट नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ तिचाच आहे. म्हणजे माझा आहे, पण तिच्यावरून झाला. मॅट म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांची पांढरी चादर. दिसायला पिंजलेल्या कापसासारखी, मऊ. तिला रेझिन, म्हणजे ते चिकट रसायन, पाजलं की ती दगड होते. पण कोरडी असताना तिला उघडा हात लागला, तर धागे कातडीत घुसतात आणि मग माणूस दिवसभर दुसरं काही करत नाही. नुसता खाजवतो.

पहिल्याच दिवशी मी रोल उचलून विचारलं होतं, “चाचा, ही चटई कुठं ठेवू?”

चाचांनी हातातला ब्रश खाली ठेवला. “बेटा, चटईवर बसतेत. मॅटवर बसत नाही. मॅट को मॅट बोलनेका.”

मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली. मी फार नीट मुलगी आहे हो. इतकी, की घरी आईने प्लास्टिकच्या चटईला मॅट म्हटलं, तर मी तिलाही सुधारलं. “आई, ती चटई. मॅट वेगळी.” आई म्हणाली, “अवं, अख्खं बडनेरा याले मॅट म्हनते.” म्हणेना का. आमच्या शेडमध्ये एका शब्दाचा एकच अर्थ होता.

मग तो शुक्रवार आला. सोसायटीची माणसं काम बघायला येणार होती. तळ पक्का झाला होता, मागची फळी बसली होती, फक्त दोन बाकांवर मॅट चढवायची राहिली होती. चाचा दुपारच्या नमाजला गेले होते. बाबा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर. आई घरात चहाचं बघत होती. शेडमध्ये मी एकटी. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

“माय, आमी निघालो. तू बाकावर मॅट टाकून ठेव.” बाबा मला लाडाने ‘माय’ म्हणतात.

“बाकावर?”

“हो, दोनी बाकावर. नवीवाली टाकजो, चांगली.”

नवा रोल कालच आला होता. सगळं कसं जुळत होतं! ‘पण चाचा नसताना रेझिन कोण लावणार,’ हे मला विचारायचं होतं. ते वाक्य माझ्या गळ्यापर्यंत आलं, तिथे बसलं, आणि तोवर फोन बंद झाला.

मग मी विचार केला, बाबांना पाहुण्यांना चालू काम दाखवायचं असेल. चाचाही आधी कोरडी मॅट अंथरून बघतात आणि मग रेझिन लावतात. मी हातमोजे घातले, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला आणि कामाला लागले. बाक मोजले. मॅट कापली. कोपऱ्यांवर चिरा देऊन कडा अशा दुमडल्या की एक सुरकुती नाही. दोन बाक, दोन-दोन थर. पांढरेशुभ्र. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी लांब जाऊन पुन्हा बघितलं.

पाहुणे दोघं होते. सोसायटीचे अध्यक्ष, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, अंगाने चांगले भरलेले. आणि गोदामावशी, त्या स्वतः धरणात जाळं टाकतात. काम पसंत पडलं की नाही हे अध्यक्ष बोलणार होते, पण ठरवणार मावशी होत्या, हे दोघांच्या चालण्यावरूनच कळत होतं. बाबा त्यांना फाटकाशी सोडून गरम कचोरी आणायला चौकात वळले.

मावशींनी मला विचारलंही नाही. साडी जरा वर खोचली, स्टुलावर पाय दिला आणि बोटीत. मागून अध्यक्ष. आणि मी काही म्हणायच्या आत दोघं एकेका बाकावर बसले. नुसते बसले नाहीत. टेकले. अध्यक्षांनी दोन्ही तळवे मॅटवर फिरवले.

“वा! काय मऊ गादी टाकली वं पोरी.”

मला त्या क्षणी सगळं माहीत होतं. फक्त ‘उठा’ एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघालं?

“चहा आणू?”

चहा घेऊन आले, तेव्हा अध्यक्ष डावा कोपर उजव्या हाताने खाजवत होते. मग मान. मग जिथे चारचौघांत खाजवता येत नाही तिथे खाजवता येत नाही म्हणून नुसतेच सरकू लागले. जितके सरकत, तितके धागे रुतत होते.

“काहून वं, मुंग्या हायेत काय इथं?”

आता तुम्हीच सांगा, एवढा मोठा माणूस स्वतःहून मुंग्या म्हणतो, तर त्याला नाही कसं म्हणायचं? मी मान हलवली. हो.

“उकडूनही राहिलं लय. कुलर लाव बरं.”

मॅट उघडी असताना कुलर लावायचा नाही, हा नियम वहीच्या दुसऱ्या पानावर आहे. त्यालाही लाल रेघ आहे. मी कुलर लावला. कडेचे सुटे धागे मजेत उडाले आणि मावशींच्या मानेवर जाऊन बसले. थोडे माझ्याही.

तेवढ्यात कचोरीसाठी रिकाम्या बशा घेऊन आई आली. पाहुण्यांना बघून म्हणाली, “अवं बाई, घामोळं आलं वाटते.” आणि आत जाऊन पावडरचा डबा घेऊन आली. अध्यक्षांनी पावडर लावली. लावली म्हणजे चोळली. काचेचे धागे अंगावर असताना चोळायचं नाही, हा तिसऱ्या पानावरचा नियम.

आता बोटीत काय दृश्य होतं म्हणता? अध्यक्ष भुतासारखे पांढरे होऊन दोन्ही हातांनी तबला वाजवावा तसे स्वतःला खाजवत होते. मावशी मात्र एका हाताने खाजवत होत्या आणि दुसऱ्या हाताने बाकाखाली चाचपत होत्या.

“मुंग्या हायेत म्हंते ना तू? एक दाखव मले.”

मी खाली बघितलं. खरंच, एखादी असती तर किती बरं झालं असतं.

मावशी उभ्या राहिल्या. “अध्यक्ष, उठा. हे बोटच खाजवते. आमच्या बाया सकाळपासून बसतेत बोटीत. त्या जाळं वढतीन का अंग खाजवतीन? नाही पाहिजे आपल्याले.”

नेमके तेव्हाच बाबा आत आले. हातात कचोरीचा पुडा. त्यांनी अध्यक्षांच्या खालून डोकावणारी पांढरी कड बघितली. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि त्यांचाही आवाज फुटेना. मला आजवर वाटायचं, माझा अबोलपणा आईच्या माहेरचा. त्या दिवशी उगम सापडला.

मावशींनी एक पाय बोटीबाहेर काढला. मला पलंगाखालची बॅग दिसली. अगदी चेनसकट.

आणि मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने, की कुलरपेक्षा मोठ्याने.

“बोट नाही खाजवत! मी खाजवते!”

अध्यक्षांचाही हात थांबला.

मावशी म्हणाल्या, “तुले काय झालं मंग?”

“म्हणजे मी खाजवली. म्हणजे तुम्हाला. म्हणजे ती गादी नाही, मॅट आहे, काचेची, तिच्यावर बसत नाहीत, बाबांनी टाकायला सांगितली म्हणून मी टाकली, आणि मुंग्या नाहीत, मी खोटं बोलले, आणि पावडर चोळू नका.”

एवढी वाक्यं मी एका दमात काय, अख्ख्या वर्षात बोललेली नाही. बाबांचा आवाज तेव्हा परत आला. “अवं माय, म्या चटई म्हनत होतो, पाहुन्याले बसाले.”

“मग चटई का नाही म्हटलं?”

बाबा हळूच म्हणाले, “पाहुने बाजूलेच बसेल होते. चटई कसं म्हनू? मॅट म्हटलं की जरा बरं वाटते.”

याच वेळी रफिकचाचा नमाजहून आले. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर शांती. दारातून त्यांनी अध्यक्षांना बघितलं आणि शांती गेली. “अरे भाऊ! मॅटवर कोन बसते?”

मग त्यांनी उपचार केले. कुलर बंद. चोळणं बंद. चाचांनी अध्यक्षांच्या हातांवर रुंद चिकटपट्टी लावली आणि चर्रकन ओढली. चिकटपट्टीवर अर्धे धागे आले आणि अर्धे केस. “अय बाप्पा,” अध्यक्ष म्हणाले. मग थंड पाण्याच्या बादल्या. पांढऱ्या पायजम्यात आलेले अध्यक्ष शेवटी बाबांच्या चौकड्याच्या लुंगीत बसून कचोरी खात होते.

मावशी मात्र हातपाय धुऊन पुन्हा बोटीकडे वळल्या. माझे हातमोजे मागून घेतले आणि बाकावरची मॅट उचलली. खालची फळी बोटांच्या पेरांनी ठोकली. तळावर उभ्या राहून दोनदा दणकन उडी मारली आणि आवाज ऐकला. टणक. मागच्या फळीत नख रुतवून बघितलं. नखच दुमडलं. मग हातातली मॅट उलटसुलट केली, कोपऱ्यातल्या चिरा बघितल्या.

“हे कोनं कापलं?”

मी हात वर केला. तोंडातून आपोआप निघालं, “हजर.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कोपरासुद्धा सोडला नाही पोरीनं. आमाले खाजवाचंही काम किती साफ केलं, पाहा. मंग खालचं काम कच्चं कसं असन?” आणि बाबांकडे वळून म्हणाल्या, “बाकीच्या चारही बोटी न्याले येजा. पन आमाले बसाले खुर्ची देजा.”

संध्याकाळी आईने बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. मी मान खाजवत बघत होते.

बोट तयार झाली तेव्हा अध्यक्षांचा फोन आला, बोटीवर नाव पाहिजे. मावशी मागून ओरडल्या, “त्या पोरीचंच टाका.” मला काय झालं असेल, सांगा! माझं नाव, पाण्यावर! घरी मला गुड्डी म्हणतात. निळ्या रंगात, माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात मी बोटीच्या दोन्ही अंगांना लिहिलं: गुड्डी.

धरणावर बोट पाण्यात उतरली तेव्हा आम्ही तिघं काठावर श्वास रोखून उभे होतो. गुड्डी जराशी डुलली आणि तरंगली. आत थेंब नाही. चाचांनी बाबांना मिठी मारली. सोसायटीच्या बाया पदर खोचून एकेक करून आत चढल्या.

आणि बसायच्या आधी प्रत्येकीने, अगदी प्रत्येकीने, आधी तळहाताने बाक चाचपून बघितला. मग काठावर माझ्याकडे बघितलं. मगच बसल्या.

गोदामावशींनी मला हाक मारली, “ये वं गुड्डी, बस तुह्या नावेत.”

मी चढले. त्या बाकाला दगड होईपर्यंत रेझिन पाजलं होतं, तेव्हा मापं लिहायला मी स्वतः हजर होते. वहीत तारीख आहे.

तरी मीही आधी चाचपलं.