परातीतली बोटं
तांदळाच्या पिठावर आधण ओतलं की त्या वाफेच्या वासाने मला आजही धाकट्या जावेचा हेवा वाटतो. सरहद्दीवरची लढाई संपल्यावर फौजेतला माझा दीर रजेवर मुरबाडला आला होता. ओटीवर सगळे जमले तेव्हा तो सांगू लागला, "तोफांनी अख्खं बाजाराचं गाव उठलं. कुत्रंपण नाय राहिलं. एका पडक्या घरात परातीत मळलेलं पीठ तसंच वाळलेलं, त्यावर बाईची बोटं उमटलेली." मग बायकोकडे बघून म्हणाला, "मला हिचीच बोटं दिसली." जाऊ लाजली आणि माझ्या पोटात दुखलं. त्या संध्याकाळी मी भाकरीवर बोटं मुद्दाम खोल उमटवली. नवऱ्याने दोन घास खाल्ले नि म्हणाला, "आज जाड झाल्यात गो." तिची आठवण ओसाड गावात निघाली; माझी भरल्या घरात अजून निघायचीय.