समोर ठेवलेला पेला

माझी लेक नऊ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. बोलणं राहू दे, तहान लागली तरी मागत नव्हती. कोणी ओठाला पेला लावला तर प्यायची. दिल्लीच्या उन्हाळ्यात अशा पोरीला सासूबाईंजवळ सोडून ऑफिसला जायचं म्हणजे दिवसभर जीव टांगणीला. फरीदाबादच्या एका केंद्रात न बोलणाऱ्या मुलांना मागायला शिकवण्याचं संशोधन चाललंय असं कळलं, तशी मी तिला घेऊन आर. के. पुरमहून तिथे खेपा घालायला लागले. मला एवढंच हवं होतं, माझ्या पाठीमागे तिनं पाणी मागावं. गाणी-कविता गेल्या खड्ड्यात.

तिथली पद्धत ठरलेली. आधी तिला खारी शेव खायला द्यायची, म्हणजे तहान लागते. मग समोर टेबलावर भरलेला स्टीलचा पेला आणि शेजारी पेल्याचं चित्र असलेलं कार्ड. कार्ड उचलून संशोधक बाईंच्या हातात दिलं की पाणी. तोवर ब्र काढायचा नाही. "मम्मी, आप बीच में मत बोलिए," बाई मलाच दटावायच्या. लेक पेल्याकडे बघत ओठ चाटायची आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा. तहानलेल्यापुढे पाणी ठेवून ते द्यायचं नाही, हा कुठला छळ! पण गरजवंताला अक्कल नसते. गप्प बसले.

आणि एक दिवस तिनं कार्ड दिलं. मग दर वेळी द्यायला लागली, न चुकता. "सीख गई," बाई म्हणाल्या. मी तिथेच रडले. येताना पेढे घेतले, जिन्यातल्या सगळ्या घरांत वाटले. कार्ड दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातलं. घरीही न मागता पाणी द्यायचं नाही, नाहीतर शिकलेलं पुसलं जाईल, असं बाईंनी बजावलं होतं. सासूबाईंना मी तसंच सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण पाळलं त्यांनी.

जूनमध्ये लू सुटली होती, भाजून काढणारं गरम वारं. एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर लेक पलंगावर निपचित पडलेली. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. कार्ड गळ्यातच होतं. "मागितलंच नाही गं तिनं. मला वाटलं, झोपलीये," सासूबाई कपाळ बडवत होत्या. रिक्षा, इमर्जन्सी, सलाइन. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

ती घरी आल्यावर मी बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पेला तिला दिसत होता का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेला कसा दिसेल? आमच्या घरात खरकटं भांडं बाहेर राहत नाही, सासूबाईंचं वळणच तसं. सकाळ-संध्याकाळ मी जेवायला वाढते तेवढा वेळ तो समोर असतो, पाणी प्यायलं की विसळून कपाटात.

"तहान लागल्यावर मागायला शिकवलंत ना तिला?" मी ओरडले.

 बाई हळूच म्हणाल्या, "ग्लास देखकर माँगना सिखाया है. बिना ग्लास के तो हमने देखा ही नहीं." पुन्हा सुरू करू म्हणाल्या, या वेळी पेला लपवून. मी फोन ठेवला.

मग मी भरलेला पेला तिच्यासमोर ठेवला. तिनं लगेच कार्ड माझ्या हातात दिलं. प्यायली. रिकामा पेला समोरच होता. तिनं पुन्हा कार्ड दिलं. मी भरला, ती प्यायली. पुन्हा कार्ड. पाणी आता तिच्या हनुवटीवरून फ्रॉकवर सांडत होतं, घशाखाली उतरत नव्हतं, तरी तिचा हात कार्डाकडे गेला.

मी पेला उचलून कपाटात ठेवला. तिनं कार्ड सोडून दिलं आणि भिंतीकडे बघत बसली. माझ्या पोरीला तहान कधी लागते, ते मला अजून कळत नाही.